जुन्या फाईलवर नावं बदलून दस्तऐवज करतो, पण आधीचं नाव कुठेतरी राहून जातं. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की करारनामे, नोटिसा, संमतीपत्रं अशा सगळ्यांची जुनी फाईल कॉपी करून नावं बदलता, आणि मागच्या पक्षकाराचं नाव किंवा सर्व्हे नंबर कुठल्या तरी पानावर तसाच राहतो. मी म्हापशाला वकिलांच्या कार्यालयात मसुद्यांचं काम करते. माझ्या मते सॉफ्टवेअर नंतर बघा. नेमकं काय काय बदलतं ते आधी ठरवा, नाहीतर महागडं सॉफ्टवेअर घेऊनही हाच गोंधळ होईल.

पद्धत अशी: बदलणारी माहिती एक्सेलच्या तक्त्यात, न बदलणारा मजकूर वर्डच्या साच्यात, आणि वर्डचं मेल मर्ज साच्यातल्या रिकाम्या जागा (फील्ड) तक्त्यातून भरतं. आधी एक जुना दस्तऐवज छापून घ्या आणि बदलणारी प्रत्येक जागा हायलायटरनं रंगवा. मग प्रत्येक जागेपाशी थांबून बघा, ही माहिती पक्षकार देतो की दुसऱ्या माहितीवरून काढता येते? जन्मतारीख पक्षकार देतो, वय त्यावरून निघतं. म्हणून तक्त्यात जन्मतारीखच ठेवा. वय लिहून ठेवलंत तर सहा महिन्यांनी तीच ओळ वापरताना ते चुकलेलं असू शकतं. रक्कम एकदाच आकड्यात टाईप करायची, अक्षरी रक्कम त्यावरूनच तयार व्हायला हवी. दोन्ही हातानं लिहिल्या की कधी ना कधी जुळत नाहीत. वर्डमध्ये आकडा अक्षरी करण्याची सोय आहे, पण ती इंग्रजी आहे आणि ९,९९,९९९ च्या पुढे चालत नाही. आपल्याकडचे जमिनीचे व्यवहार तिथे बसतच नाहीत, त्यामुळे लाख-कोटीचं सूत्र एक्सेलमध्येच बसवून घ्या.

एका माहितीला सगळीकडे एकच नाव द्या. करारनाम्यात ‘विक्रेता_नाव’, नोटिशीत ‘नाव१’, संमतीपत्रात ‘पार्टी’ असं असेल तर प्रत्येक साचा वेगळा सांभाळत बसाल. मी एका वहीत फील्डची यादी ठेवते: नाव, नमुना, रिकामं चालेल का, आणि कुठल्या साच्यांत वापरलंय. (इथे देवनागरीत लिहिलंय, पण प्रत्यक्ष फील्डची नावं रोमन लिपीत आणि मधे मोकळी जागा न सोडता ठेवा.)

आता मराठीची खास गोष्ट. आमच्याकडे सेल डीड (खरेदीखतं) बहुतेक इंग्रजीत असतात, पण नोटिसा आणि संमतीपत्रं पुष्कळदा मराठीत. इंग्रजी साच्यात गावाचं नाव जसंच्या तसं बसतं. मराठीत म्हापसा असेल तर म्हापशात, पेडणे असेल तर पेडण्यात, डिचोली असेल तर डिचोलीत. फील्डला नुसता ‘त’ चिकटवला तर ‘म्हापसात’ छापून येईल. वाक्यच असं रचा की फील्डमधला शब्द बदलावा लागणार नाही: ‘मौजे म्हापसा येथे’, ‘श्रीमती अमुक यांनी’, ‘बार्देश या तालुक्यातील’. ‘राहणारा’, ‘राहणारी’ यांच्याऐवजी ‘राहणार’ लिहिलं की स्त्री-पुरुषाची अटही लागत नाही. जुन्या साच्यांतली निम्मी डोकेदुखी एवढ्यानं जाते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

एक्सेलबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. गोव्यातल्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा (जमिनीच्या नोंदीचा कागद) सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन आपण १२/३ असं लिहितो. एक्सेलला ती तारीख वाटते आणि सेलमध्ये १२ मार्च उमटतं. नंतर तो कॉलम ‘टेक्स्ट’ केला तरी १२/३ परत येत नाही. २०२५ साली टाईप केलेलं असेल तर ४५७२८ असा आकडा दिसतो, कारण एक्सेल आतून तारखेचे दिवस मोजतं. म्हणून पहिली नोंद करण्याआधीच तो कॉलम टेक्स्ट करा. बँक खात्याच्या नंबराचंही तसंच, कारण एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरतं, पुढचे शून्य होतात. आणि एका कॉलममध्ये काही ठिकाणी संख्या, काही ठिकाणी ‘१२/३-ए’ असं मिसळलं तर मेल मर्ज पहिल्या काही ओळींवरून कॉलमचा प्रकार ठरवतं आणि बाकीच्या जागा रिकाम्या छापू शकतं.

तारखा वर्डमध्ये अमेरिकन पद्धतीनं, म्हणजे महिना आधी, अशा येतात. आल्ट आणि एफ९ दाबून फील्डचा कोड उघडा आणि तारखेचा नमुना द्या. महिन्यासाठी कॅपिटल एम लागतो. स्मॉल एम दिला तर वर्ड ती मिनिटं समजतं. जुने साचे श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर तक्त्यातलं मराठी नाव त्या फाँटमध्ये धड दिसणार नाही.

खरी अवघड जागा म्हणजे पक्षकारांची संख्या. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतात. वडिलोपार्जित जमीन असली की भाऊ, बहिणी आणि प्रत्येकाचा जोडीदार. त्यात कोणी पोर्तुगालला किंवा इंग्लंडला असतो आणि कुलमुखत्यारामार्फत सही करतो. ‘विक्रेता१’ ते ‘विक्रेता१०’ असे कॉलम करू नका, अकरावा येतोच. पक्षकारांचा वेगळा तक्ता करा: एका माणसाला एक ओळ, प्रकरण क्रमांक, जोडीदार कोण, कुलमुखत्यार आहे का याचं फक्त हो किंवा नाही. कुलमुखत्याराचा अख्खा मजकूर तक्त्यात टाईप करू नका. तो साच्यात राहू द्या, ‘हो’ असेल तरच छापला जाईल अशी अट घाला.

वर्डचं साधं मेल मर्ज इथे कमी पडतं, कारण ते एका ओळीला एक दस्तऐवज असा हिशेब करतं. नोटिसा आणि पत्रांना ते पुरेसं आहे, वरून काही घेऊ नका. पक्षकारांची यादी छापायची असेल तर एखादा मजकूर हवा तितक्यांदा फिरवणारं साधन लागतं. हॉटडॉक्स हे विकतचं सॉफ्टवेअर ते करतं. डॉकअसेंबल फुकट आणि मुक्त स्रोत आहे, पण बसवायला पायथॉन जाणणारं माणूस हवं. डॉक्सटेम्प्लेटरमध्ये महिरपी कंसांत खुणा घालून वर्डच्याच फाईलमध्ये असं आवर्तन लिहिता येतं, पण ते चालवायलाही थोडा प्रोग्राम लिहावा लागतो. दिवसाला एखादंच डीड होत असेल तर यातलं काहीच न घेता पक्षकारांचा परिच्छेद हातानं लिहिला तरी चालतं. बाकीची फील्ड आपोआप भरली की मागचं नाव राहून जाण्याची शक्यता तेवढ्या एका परिच्छेदापुरती उरते, आणि तो वाचून तपासता येतो.

मूळ साचा मात्र रिकामाच ठेवा. त्यात कधीही खरं नाव नको, आणि मागच्या पक्षकाराची भरलेली फाईल कोणी साचा म्हणून उघडणार नाही असा कार्यालयात नियमच करा. तक्त्यात दोन-तीन खोट्या पक्षकारांच्या ओळी कायम असू द्यात: एक खूप लांब नावाची, एक विधवा, एक परदेशात राहून कुलमुखत्यारामार्फत सही करणारा. साच्यात एक शब्द जरी बदलला तरी आधी या ओळी छापून बघा, मगच खरं प्रकरण घ्या.

तुमच्याकडे महिन्याला साधारण किती दस्तऐवज होतात आणि त्यातले मराठीत किती, ते कळवलंत तर साधन कुठलं ते नेमकं सांगता येईल.