धुळ्याच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीतले झोअँथस (मऊ कोरल) मिटून बसलेत, चिलर (पाणी गार करणारं मशीन) घ्यावा का?

नका घेऊ भाऊ. त्या पैशात चांगला लाईट येईल.

मी भुसावळचा, मेमध्ये बाहेर 45 आणि डोक्यावर स्लॅब, त्यामुळे धुळ्याच्या उन्हाचं मला सांगू नका. आमचे साडूभाऊ ठाण्याला असतात, चार फुटी टाकी, चिलर, सगळं आहे. मी दोन फुटीत झोआ (म्हणजे झोअँथस), मशरूम आणि एक लेदर, सगळे मऊ कोरल, लावले तर भर पंगतीत म्हणाले, भुसावळात चिलरशिवाय कोरल, आमटी करणार का? मी झाकण काढलं, कॉम्प्युटरचे 12 व्होल्टचे पंखे पाण्यावर तिरपे लावले, झालं. खोली 36 असताना पाणी 28 च्या आसपास. साडूभाऊ म्हणे पंखा फालतू, त्यांनी लावून बघितला होता, डिग्रीभर पण उतरलं नाही. अहो ठाण्याची हवाच ओली, तिथे पाणी उडणार कसं? आपल्याकडे वाळ्याचा कूलर गारठवतो आणि त्यांच्याकडे नुसता चिकचिकाट करतो, त्यातच सगळं आलं ना. चिलरवाल्यांना हे पटत नाही कारण त्यांनी पैसे घातलेत. फक्त टाकीच्या खोलीत कूलर लावून खिडक्या बंद करू नका, हवा ओली होते, मग पंखा बसला.

आता मिटण्याचं. पंख्याने रोज दोन-तीन लिटर पाणी सहज उडतं, मीठ मागेच राहतं. भरताना साधं आरओचंच टाकायचं, मिठाचं टाकत असाल तर खारटपणा चढतोय आणि म्हणूनच मिटलेत. पाण्याची घनता (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) 1.025 ला ठेवा, रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राने बघून. तेही बरोबर असेल तर रात्री टॉर्च मारून बघा, झोआ खाणाऱ्या बारीक गोगलगायी असतात.

हां, एक फुटी टाकीला हे चालणार नाही, ती फार पटकन तापते. आणि पंखे इन्व्हर्टरवर घ्या, लाईट जातेच. पावसाळ्यात दमट हवेत पंखा निम्मा पण काम करत नाही, पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं. झोआ चिकटलेला दगड उकळायचा नाही, गरम पाणी पण ओतायचं नाही, झोआतल्या पॅलिटॉक्सिन या विषाची वाफ माणसाला दवाखान्यात पोचवते. हात घालताना हातमोजे.

दगडी कोरलच्या नादी मात्र लागू नका, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत ते. साडूभाऊंच्या टाकीत काय काय आहे ते मी विचारत नाही.