वय ३४, तीन आठवडे कंबर दुखतेय. डॉक्टर नको म्हणतायत तरी एमआरआय काढून घेऊ का? मशीनच्या चुंबकाची ताकद १.५ टेस्ला चांगली की ३?

नुसती कंबरच धरलीय, पायात कळ उतरत नाही, असं असेल तर नको काढू. तेच पैसे फिजिओला दे.

आमच्या आईची कंबर दुखायला लागली तेव्हा दादाने धोशा लावला, एकदा एमआरआय केला की सोक्षमोक्ष लागेल. मी नको म्हणत होतो, पण थोरल्यापुढे कोण बोलणार! रिपोर्ट आला, एल-४ एल-५ या कंबरेच्या मणक्यांमध्ये डिस्क बल्ज (म्हणजे मधली गादी बाहेर फुगलेली), खालच्या गादीत डेसिकेशन (पाणी आटलेलं), थिकल सॅकवर (नसांभोवतीच्या पिशवीवर) दाब, असं दीड पान. झालं. तोपर्यंत कण्हत का होईना भाकऱ्या थापणारी बाई "माझी गादी सरकलीय, नस दबलीय" म्हणून आडवी झाली ती झालीच, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, पट्टा झोपताना पण, आणि मावशी फोनवर विचारतेय ऑपरेशन कधी. शेवटी एका जुन्या ऑर्थोपेडिककडे नेलं. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, एकेक पाय सरळ वर उचलून बघितला, पायाच्या अंगठ्याची ताकद बघितली आणि म्हणाले, काकू, साठीत हे दिसणारच, उद्यापासून फिरायला लागा. लागली.

२०१५च्या एका आढाव्यात काहीही न दुखणाऱ्यांचे स्कॅन बघितले, तर वीस वर्षांच्यांत ३० टक्के, तिशीत ४० आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांना बल्ज निघाला! म्हणजे तुझ्यातही निघू शकतो, पण कंबर त्यानेच दुखतेय हे फिल्म सांगत नाही.

हां, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, मांड्यांच्या मधला भाग बधीर झालाय, पाऊल उचलत नाही, तर हे वाचत बसू नकोस, आजच हॉस्पिटल गाठ. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, यातलं काही असेल तरी लवकर दाखव. पायातली कळ सहा आठवड्यांनी हटली नाही आणि इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विषय निघाला, तर एमआरआय हवाच. गादीसाठी १.५ टेस्ला पुरतं.

आणि दादा अजून म्हणतो रिपोर्टमुळे निदान कळलं तरी. काय कळलं? अमेरिकेत ६३ वर्षांच्या एकाच बाईंचा तीन आठवड्यांत दहा सेंटरना एमआरआय केला, २०१७ला छापून आलंय, दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष आणि दहाहीजणांनी लिहिलेला एकही नाही. दुसऱ्या सेंटरला नेलं असतं तर आईला दुसरंच काहीतरी झालं असतं, एवढंच म्हणत होतो मी.