वाचकांचे प्रश्न: प्रौढ वयात ख्रिस्ताच्या मागे निघताना

तिशी-चाळिशीत ख्रिस्ताविषयी ओढ वाटू लागली, तर सुरुवात कुठून करायची, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

बायबल विकत आणले आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतले. 'उत्पत्ति' गोष्टींसारखे भरभर वाचून झाले. 'निर्गम'च्या मध्यावर मात्र पडदे, खांब आणि हातांची मापे सुरू झाली आणि वाचन थांबले. माझे काही चुकते आहे का? (अभियंता, पुणे)

तुमची चिकाटी कमी पडलेली नाही, वाचनाचा क्रम बदलायला हवा. 'निर्गम'च्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या वास्तव्यासाठी उभारलेल्या तंबूचे, बारीक तपशील येतात आणि त्यापाठोपाठ 'लेवीय'मध्ये अर्पणांचे नियम. पहिल्या पानापासून वाचणारे बहुतेक जण नेमके इथेच थबकतात. बायबल हा अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ती ओळीने वाचलीच पाहिजेत असा नियम नाही.

आधी मार्कचे शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, घ्या. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटे आहे, अवघे १६ अध्याय. रोज एक अध्याय मोठ्याने वाचा, पंधरा मिनिटे पुरतात. त्यानंतर लूक (२४ अध्याय) आणि लगेच 'प्रेषितांची कृत्ये' (२८ अध्याय) वाचा. ही दोन्ही पुस्तके एकाच लेखकाची मानली जातात आणि एकाच कथेचे दोन भाग आहेत. सव्वादोन महिन्यांत येशूचे जीवन, त्याचे मरण, पुनरुत्थान आणि पहिली मंडळी (ख्रिस्ताच्या अनुयायांचा समुदाय) एवढे सगळे डोळ्यांखालून गेलेले असेल. मग 'निर्गम'कडे परत या. तोवर त्या मापांचा अर्थ लागू लागतो, कारण देव माणसांमध्ये राहायला येतो ही गोष्ट तुम्ही आधीच वाचलेली असते.

वाचायचे कसे, तेही सांगतो. मार्कचा दुसरा अध्याय काढा. कफर्णहूममध्ये एका घरात एवढी गर्दी आहे की दारातही पाय ठेवायला जागा नाही. चार जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला उचलून आणतात, छपरावर चढतात, ते उकरतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. तिथली छपरे फांद्या आणि मातीची, आपल्याकडच्या माळवदासारखी असत, म्हणून हे शक्य झाले. सगळ्यांना वाटते, आता हा बरा होणार. येशू मात्र आधी म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथे बसलेले शास्त्री मनात कुरकुरतात की एका देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? या ओळीवर थांबा. त्यांना खलनायक ठरवून पुढे जाऊ नका, त्यांचा प्रश्न रास्त आहे. सारे शुभवर्तमान त्याच प्रश्नाचा पाठपुरावा करते आणि आठव्या अध्यायात येशू स्वतःच शिष्यांना विचारतो, तुम्ही मला कोण म्हणता? तुमच्या वहीत रोज तीन गोष्टी लिहा: लोक काय अपेक्षेने आले, येशूने प्रत्यक्षात काय केले, आणि आपल्याला कुठे खटकले. खटकलेले खोडू नका. पुढे कोणाशी बोलायला बसाल तेव्हा तीच वही सर्वांत उपयोगी पडेल.

शेवटच्या अध्यायात नवख्याचा हमखास गोंधळ होतो. १६व्या अध्यायातील ९ ते २० ही वचने अनेक आवृत्त्यांत कंसात किंवा टीपेसह छापलेली असतात, कारण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाहीत. यात लपवाछपवी काही नाही, छापणाऱ्यांनी प्रामाणिकपणे दिलेली ती माहिती आहे.

आवृत्तीबद्दल थोडेसे. बायबल सोसायटीचे जुने भाषांतर चर्चमध्ये वाचले जाते. त्याची भाषा भारदस्त आहे, पण पहिल्या वाचनाला जड जाते. सोप्या मराठीतले भाषांतरही मिळते. टिपा आणि प्रस्तावना हव्या असतील तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' घ्या.

आमच्या घरात कोणी ख्रिस्ती नाही. रविवारी चर्चमध्ये जाऊन नुसते बसले तर चालेल का? सगळे पुढे जातात तेव्हा मी काय करायचे? (गृहिणी, डोंबिवली)

खुशाल जा. उपासना सर्वांसाठी खुली असते. वेळ आधी विचारून ठेवा, कारण एकाच चर्चमध्ये इंग्रजी, मराठी आणि कोकणी उपासना वेगवेगळ्या वेळी असू शकतात. पहिल्या दिवशी मागच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा, म्हणजे कधी उठायचे आणि कधी बसायचे ते पुढच्यांकडे पाहून कळते. गावाकडच्या काही चर्चमध्ये चपला बाहेर काढतात, काही मंडळ्यांत बायका डोक्यावर पदर घेतात. आजूबाजूला पाहून तसे करा.

कॅथलिक मिस्सेत (रविवारच्या उपासनेत) लोक ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेने पुढे जातात, प्रोटेस्टंट मंडळीत प्रभुभोजन असते. दोन्ही बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. त्या वेळी जागेवरच बसून राहा, आजूबाजूच्यांना वाट द्या. कोणी विचारले तर 'मी अजून शिकते आहे' एवढे पुरे. काही ठिकाणी हात छातीवर घडी घालून पुढे गेल्यास फक्त आशीर्वाद देतात. ती रीत तिथे आहे का, ते आधी विचारून घ्या. दानाची थैली फिरते तेव्हा टाकलेच पाहिजे असे नाही.

निदान सलग सहा रविवार एकाच ठिकाणी जा. दर आठवड्याला नवे चर्च धरले तर तुम्हाला कोणी ओळखत नाही आणि उपासनेची लयही अंगवळणी पडत नाही.

एक पाळक म्हणतात, येत्या रविवारीच बाप्तिस्मा घ्या. दुसरीकडे फादर म्हणाले, वर्षभर थांबावे लागेल. खरे कोणाचे? (व्यापारी, नाशिक)

'प्रेषितांची कृत्ये'च्या ८व्या अध्यायात कूशी (इथिओपियाचा) अधिकारी वाटेत पाणी दिसताच बाप्तिस्मा घेतो, हे खरे आहे. पण तो आधीच यशयाचे पुस्तक वाचत होता आणि फिलिप्पाने त्याला ते उलगडून सांगितले होते. पुढच्या शतकांत मंडळीने दीर्घ तयारीची पद्धत घातली. लोक उत्साहात येत आणि पहिला छळ सुरू झाला की सोडून जात, हे त्यामागचे एक मोठे कारण.

कॅथलिक चर्चने प्रौढांसाठीचा हा क्रम १९७२ मध्ये पुन्हा रीतसर आणला. त्याचे टप्पे असे: आधी चौकशीचा काळ, मग शिकवणुकीचा, तो साधारण वर्षाचा. प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांच्या, पहिल्या रविवारी उमेदवारांची निवड होते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी त्यांच्यासाठी खास प्रार्थना होतात. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण (विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि पहिला ख्रिस्तप्रसाद असे तिन्ही संस्कार एकदमच होतात. म्हणून जूनच्या सुमारास फादरांना भेटणे सोयीचे. जानेवारीत गेलात तर बहुधा पुढच्या ईस्टरपर्यंत थांबावे लागेल. धर्मपिता किंवा धर्ममाता लागते. ती व्यक्ती सोळा वर्षांवरची आणि दृढीकरण झालेली कॅथलिक हवी, तुमचे आईवडील चालत नाहीत.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत पद्धती निरनिराळ्या आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये पाळक वर्ग घेतात. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बुडवून बाप्तिस्मा देतात आणि आधी तुमची साक्ष, म्हणजे तुम्ही विश्वासाकडे कसे आलात ते, ऐकतात.

आमचे मत स्पष्ट आहे. तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत थांबा: येशू कोण आहे, त्याच्या मरणाचा आणि उठण्याचा माझ्याशी काय संबंध, आणि कोणत्या मंडळीबरोबर मी दर रविवारी उभा राहणार. घाई करणारा माणूस बाप्तिस्म्याच्या बदल्यात नोकरी, आजारातून सुटका किंवा पैसा कबूल करत असेल, चालू औषधे बंद करायला सांगत असेल, किंवा घरच्यांपासून लपवायला सांगत असेल, तर तिथून निघा. चांगल्या मंडळीत वर्षाचा हिशेब सभेपुढे वाचला जातो आणि पाळकही कोणाला तरी उत्तरदायी असतो. संस्काराची किंमत ठरवलेली नसते.

नाव बदलावे लागते का, असेही तुम्ही विचारले आहे. नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामन टिळकच राहिले.

प्रार्थनेला बसते, पण भिंतीशी बोलल्यासारखे वाटते. काही जाणवतच नाही. (शिक्षिका, कोल्हापूर)

जाणवणे हे प्रार्थनेचे माप नाही. नवशिक्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते: पहिल्या आठवड्यात तासभर बसायचे आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून द्यायचे. दहा मिनिटे ठरवा, वेळ आणि जागा रोज तीच ठेवा. शाळेत जायच्या आधीची वेळ धरा, रात्री झोप येते. पहिली दोन मिनिटे गप्प बसा. मग एक स्तोत्र हळू वाचा. १३वे घ्या, सहाच वचनांचे आहे आणि 'हे परमेश्वरा, कोठवर?' अशीच तक्रार करत सुरू होते. त्यानंतर कालच्या दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन देवाला सांगा, वर्गातल्या एखाद्या मुलाची चिंता असेल तर तीच. शेवटी मत्तयच्या सहाव्या अध्यायातील 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना सावकाश म्हणा, प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्या.

मन फार कोरडे असेल तर ८८वे स्तोत्र वाचा. त्याचा शेवट अंधारातच होतो, दिलासा येत नाही, तरीही ते देवालाच उद्देशून म्हटलेले आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एवढीच प्रार्थना जमली तरी त्या दिवशी पुरेशी आहे. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर डॉक्टरांना भेटा. प्रार्थना त्यासोबत चालू राहू द्या.

आईला अजून सांगितलेले नाही. घरी दरवर्षी गणपती बसतो, आरती असते, प्रसाद असतो. मी आता काय करू? (बँक कर्मचारी, सातारा)

आईला सांगा, आणि बाप्तिस्म्याच्या आधी सांगा. नारायण वामन टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मागाहून कळली, त्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाईही स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, पण मधली वर्षे दोघांना फार जड गेली. सांगताना एकट्या आईला सांगा, सणाचा दिवस टाळा, सोबत कोणा पाळकाला नेऊ नका. 'तुमचे चुकीचे आहे' या वाक्याने सुरुवात करू नका. येशूमध्ये तुम्हाला काय सापडले तेवढे सांगा. आईला बहुधा तीन भीती असतात: मुलगा तुटेल, लोक काय म्हणतील, आणि आपले अंत्यविधी कोण करणार. तिसरीबद्दल ती तोंडाने बोलणार नाही. तुम्हीच विषय काढा, तिच्या इच्छेप्रमाणे सगळे नीट होईल, भाऊ-बहिणींच्या हातून होईल, असा शब्द द्या आणि पाळा.

गणपतीच्या दिवसांत काम टाळू नका. बाजार, पाहुण्यांची उठबस, भांडी, मोदकांचे सारण, सगळे करा. आरतीच्या वेळी शांतपणे मागे उभे राहायचे की बाहेर थांबायचे, हे आधीच आईशी बोलून ठरवा. ऐन वेळी उठून गेलात तर अपमान होतो. प्रसादाबाबत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे ८ आणि १० हे अध्याय वाचा. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचाच प्रश्न तिथे आहे. पौल एका बाजूला वेदीचा सहभाग टाळायला सांगतो, दुसऱ्या बाजूला कोणी जेवायला बोलावले तर चौकशी न करता खा म्हणतो, आणि दुसऱ्याच्या मनाला ठेच लागेल तिथे थांब म्हणतो. मराठी ख्रिस्ती मंडळींत यावर एकमत नाही. पाळकांशी बोला आणि एकदा ठरले की दरवर्षी तसेच वागा.

कायद्याचेही पाहून ठेवा. १९५०च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातीला त्या आदेशांत अशी धर्माची अट नाही. हिंदू विवाह कायद्याखाली जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण होऊ शकते. धर्मांतराबाबतचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात. काही राज्यांत प्रशासनाला आधी कळवावे लागते. तारीख ठरवण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या वकिलाचा सल्ला घ्या.

लहानपणी वसईत बाप्तिस्मा झाला होता. गेली पंचवीस वर्षे चर्चची पायरी चढलो नाही. आता परत यायचे तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? (चालक, पनवेल)

कॅथलिक चर्चमध्ये नाही, तो एकदाच होतो. ज्या चर्चमध्ये झाला तिथल्या कार्यालयात आईवडिलांची नावे आणि साधारण साल सांगा, नोंदवहीतून दाखला काढून मिळतो. तो घेऊन पनवेलजवळच्या चर्चमधल्या फादरांना शनिवारी संध्याकाळी भेटा, अनेक ठिकाणी त्याच वेळी ते पापनिवेदन (पापांची कबुली) ऐकायला बसतात. शब्द आठवत नसतील तर तसेच सांगा, ते एकेक पायरी सांगत नेतील. लग्न चर्चबाहेर झाले असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तो विषय मार्गी लावावा लागतो. दृढीकरण राहिले असेल तर प्रौढांच्या पुढच्या वर्गात नाव घाला.