रूट कॅनालनंतर दाढ दुखत नाही, तरी कॅप बसवायलाच हवी का?

दाढ असेल तर बहुतेक वेळा हो. दुखणं थांबलं ते आतली नस काढल्यामुळे; दाढ मजबूत झाली म्हणून नव्हे. उलट किडीने पोखरलेली आणि वरून भोक पाडलेली दाढ कमकुवतच असते. चावताना तिला मुळापर्यंत उभी चीर गेली, तर ती काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

दुसरी भानगड भोक बुजवायला भरलेल्या तात्पुरत्या सिमेंटची. ते काही आठवड्यांत झिजतं, फटीतून लाळ झिरपते, जंतू पुन्हा गट्टापर्चापर्यंत (मुळांच्या नळीत भरलेल्या रबरासारख्या पदार्थापर्यंत) पोचतात आणि रूट कॅनाल नव्याने करावं लागतं. म्हणून पक्कं फिलिंग लगेच आणि कॅप महिन्याभरात. तोवर त्या बाजूने चिक्की, सुपारी बंद!

पुढचा दात थोडाच किडला असेल, तर नुसत्या फिलिंगवरही भागतं.