यीस्टमधून टीआरएनए (प्रथिनं बनताना अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) काढायचाय, किटने काहीच मिळत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की कलिन्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे आणि ग्लास बीड्सने यीस्ट फोडून साध्या आरएनए किटमधून काढताय. तिथेच घोळ आहे. बहुतेक साधी सिलिका कॉलमवाली किट्स साधारण २०० न्युक्लिओटाइडच्या (आरएनएच्या साखळीतल्या कड्या) खालचं नीट धरतच नाहीत, आणि टीआरएनए असतो ७५-९० चा, म्हणजे तुमचा माल फ्लो-थ्रूमधून, कॉलममधून खाली गळून फेकल्या जाणाऱ्या पाण्यातून, चाललाय.

दुसरं म्हणजे यीस्ट फोडूच नका. खरंच. आख्ख्या पेशी बफरमध्ये कालवायच्या, पाण्याने सॅच्युरेट केलेला फिनॉल तेवढाच घालायचा आणि अर्धा-एक तास रूम टेम्परेचरला हलवत ठेवायचं. फिनॉलने मेंब्रेनची वाट लागते पण बाहेरची भिंत तशीच राहते, त्यामुळे छोटा आरएनए बाहेर येतो आणि रायबोसोमचा मोठा आरएनए नि डीएनए बराचसा आतच अडकतो, चहाच्या गाळणीत पावडर राहते तसं. बीड्सने फोडलं की सगळं एकत्र, मग निवडत बसा.

सेंट्रिफ्यूज झाल्यावर वरचा पाण्याचा थर घ्या, मधला पांढरा थर टिपमध्ये येऊ देऊ नका, थोडं पाणी सोडलं तरी चालेल. सोडियम अ‍ॅसिटेट, अडीचपट इथेनॉल, रात्रभर उणे २० डिग्रीला, म्हणजे आरएनए खाली बसतो. मग डीईएई सेल्युलोज (आरएनएला धरून ठेवणारी धन भाराची पावडर): ०.२-०.३ मोलर मिठाने धुवायचं (यीस्टची चिकट साखर इथेच जाते), १ मोलरने टीआरएनए उतरवायचा. अमिनो आम्ल चिकटलेलं नको असेल तर पीएच ९ च्या ट्रिसमध्ये ३७ डिग्रीला तासभर ठेवा. तपासायला १०% युरिया जेलवर चालवा, झायलीन सायनॉल या निळ्या रंगाच्या जरा वर बँड दिसेल.

यीस्ट क्रॉफर्ड मार्केटला बेकरीच्या सामानाच्या दुकानात ओलं, दाबलेलं मिळतं ते घ्या, ५० ग्रॅम भरपूर झालं. फिनॉल गुलाबी झाला असेल तर वापरू नका, आणि हूडमध्येच काम करा, कातडीवर पडला की आधी बधिर होतं त्यामुळे भाजलेलं कळतही नाही.

हे सगळं मिक्स टीआरएनएसाठी. एकच कुठला तरी हवा असेल तर काम वाढतं. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट हॉलीच्या टीमला १४० किलो यीस्टमधून जेमतेम १ ग्रॅम अ‍ॅलानिनचा टीआरएनए मिळाला होता, त्यावर १९६५ मध्ये सिक्वेन्स आला आणि १९६८ ला नोबेल. आता त्या टीआरएनएला जुळणारा, बायोटिन लावलेला डीएनए ऑलिगो (डीएनएचा छोटा तुकडा) आणि बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या बीड्सने ओढून काढता येतो. तुम्हाला कुठला हवाय ते लिहा, त्यावर ऑलिगो कुठल्या भागाला लावायचा ते सांगते.