श्वान-सल्ला : ढिगाऱ्याखालचा वास

प्रश्न : आमच्या तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं आणि बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, केरळमधल्या वायनाडच्या दरडीची बातमी आली. तिथे मृतदेह शोधणारी कुत्री नेल्याचं वाचलं. ही कुत्री वेगळी असतात का? मेलेल्या जनावराच्या वासाने फसत नाहीत का? आमची लॅब्रॅडॉर लपवलेली कुठलीही वस्तू शोधते, तिला हे शिकवता येईल का?
– एक वाचक, मंचर

उत्तर : कुत्रं तेच, शिकवण वेगळी. चोराचा माग काढणाऱ्याला एका माणसाचा वास देऊन सोडतात. ढिगाऱ्यात जिवंत माणूस शोधणारं भुंकून सांगतं. मृतदेह शोधणाऱ्याला मात्र कुजण्याच्या सगळ्या पायऱ्या नाकाने ओळखाव्या लागतात : ताजा देह, महिन्याभराचा, नुसतं हाड, मातीत मुरलेलं रक्त. वायनाडला गेलेली केरळ पोलिसांची माया आणि मर्फी ही बेल्जियन मॅलिनॉय जातीची. २०२५ मध्ये तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याचा बोगदा कोसळला, तिथेही केरळचीच कुत्री नेली.

फसण्याचं विचारलंत ते बरं केलंत, कारण निम्मी मेहनत तिथेच जाते. झाकणाला भोकं पाडलेले डबे ओळीने मांडायचे. एकात मानवी वास मुरलेली गॉझपट्टी. बाकीच्यांत मेलेली कोंबडी, बोकडाचं हाड, सुकी मासळी. शिवाय एका डब्यात कोरी गॉझ आणि न वापरलेला रबरी हातमोजा. हा डबा लोक हमखास विसरतात. मग कुत्रं रबर आणि गॉझ शोधायला शिकतं, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. नाक कोंबडीवर रेंगाळलं तर ओरडायचं नाही, गप्प राहायचं. खऱ्या डब्यापाशी बसलं की त्याच क्षणी चेंडू. कोणत्या डब्यात काय, हे हँडलरला माहीत नसावं. माहीत असलं की त्याचं पाऊल नकळत मंदावतं, पट्टा आखडतो, आणि कुत्रं डबा न हुंगता माणूस बघून बसतं. पथकात असताना मी नव्या पोरांना सांगायचो, तुमचा चेहरा ते तुमच्या आईपेक्षा पटकन वाचतं.

उकरायला मात्र शिकवत नाहीत, पुरावा विस्कटतो.

दरडीवर गोष्ट आणखी अवघड. कुत्रं बसलं म्हणजे देह तिथेच असेल असं नाही. वास जिथून बाहेर पडतो ती जागा ते दाखवतं. ओला चिखल वास कोंडून धरतो. मग लोखंडी सळईने भोकं पाडून थांबायचं, आणि कुत्र्याला वाऱ्याकडे तोंड करून आणायचं. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर वासही उताराने खाली येतो, म्हणून खूण मिळाली की वरच्या अंगाला शोधायचं. खात्रीसाठी दुसरं कुत्रं आणायचं, त्याच्या हँडलरला पहिल्याची खूण न सांगता. या सगळ्यात नातेवाईक काठावर उभे असतात आणि जेसीबीवाला वैतागलेला असतो. त्याला इंजिन बंद करून थांबायला लावणं हे कुत्रं शिकवण्याहून कठीण. आणि पाण्यापुढे इलाज नसतो : वायनाडचे कित्येक मृतदेह चालियार नदीने पार मलप्पुरम जिल्ह्यात नेले होते.

तुमच्या लॅब्रॅडॉरचं म्हणाल तर, तिला लवंग शोधायला शिकवा. डब्यांचा खेळ तोच, मजाही तीच. परदेशात काही हँडलर संमतीने मिळालेली बाळंतपणातली वार किंवा काढलेले दात सरावाला वापरतात. असलं काही घरी आणायच्या फंदात पडू नका. हे काम पोलिसांच्या किंवा एनडीआरएफच्या चौकटीतच व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सतत मृतदेह शोधून कुत्री खचत नाहीत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मृतदेह सापडला की चेंडू मिळतो, एवढंच त्यांना ठाऊक. मरगळतात ती जिवंत माणूस शोधणारी, दिवसभर कोणीच सापडलं नाही की. मग पथकातलाच एखादा जवान ढिगाऱ्यात लपून बसतो, कुत्र्याला ‘सापडतो’ आणि त्याच्याशी मनसोक्त खेळतो. मृतदेह शोधणाऱ्यांना काही मिळालं नाही, तर दुर्घटनेच्या जागेपासून लांब सरावाचा नमुना पुरून ठेवतात.