डब्यात उरलेल्या गोळ्या

"गोळीने त्रास होतो, तर काही दिवस ती बंद ठेवली तर चालेल का?" क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगासाठी इमॅटिनिब घेणारे रुग्ण हा प्रश्न मला वारंवार विचारतात, आणि बरेच जण तो विचारण्याआधीच गोळी बंद करून बसलेले असतात.

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून येणाऱ्या, चाळिशीतल्या एका कास्तकार ताईंचे असेच झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्षभर उतरत गेलेले बीसीआर-एबीएलचे, म्हणजे आजार किती उरला आहे ते दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणेचे, प्रमाण पुन्हा वाढलेले दिसले, म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. "गोळ्या रोज घेता ना?" असे मी विचारले आणि त्या लगेच "हो जी" म्हणाल्या. प्रश्नच चुकीचा होता, कारण दुसरे उत्तर देण्याची सोय मी त्यात ठेवली नव्हती. महिन्याच्या किती गोळ्या उरल्या आहेत असे विचारल्यावर मात्र त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. 30 पैकी 11 गोळ्या तशाच होत्या.

"सकाळी उठलं का डोये सुजेल असते जी. वावरात बाया इचारते, रात्री रडली काय म्हून. कोनाकोनाले सांगू?"

मुलीचे लग्न जुळवायचे असल्यामुळे आजाराची गोष्ट नवऱ्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती, आणि चेहऱ्यावरची सूज नेमकी तीच गोष्ट उघड करत होती. त्यामुळे मळमळ आणि रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे सहन करणाऱ्या या ताई सुजेपुढे मात्र हरल्या होत्या.

सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे सदोष प्रथिन तयार होते आणि ते पेशींना सतत वाढायला लावते. इमॅटिनिब त्याचे काम रोखते, पण औषध रोज पोटात जाईल तोवरच. बरे वाटते म्हणून मधूनमधून गोळी सोडली, तर निंदण अर्धवट टाकलेल्या पराटीत, म्हणजे कपाशीत, तण माजावे तसा आजार पुन्हा डोके वर काढतो, हे मी त्यांना सांगितले आणि ते त्यांना पटले. त्रास फार झाला तर डॉक्टर स्वतः काही दिवस औषध थांबवतात किंवा मात्रा बदलतात. तो निर्णय तपासण्या पाहून होतो, घरी होत नाही.

त्यानंतर आम्ही त्यांचा दिवस तपासला. कापूस वेचायला जाण्याच्या घाईत त्या गोळी उपाशीपोटी, काळ्या चहाबरोबर घेत होत्या. मळमळीचे कारण बरेचसे तिथेच होते. डॉक्टरांना विचारून वेळ रात्रीच्या जेवणाची ठरली: पोटभर भाकरी-वरण, गोळीबरोबर मोठा पेलाभर पाणी, आणि त्यानंतर लगेच आडवे व्हायचे नाही. सुजेसाठी लोणचे, पापड, वरून घेतलेले मीठ कमी केले आणि डोक्याखाली आणखी एक उशी आली. गोळे येण्याचे डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची तपासणी सांगितली. गावातल्या दुकानातून दुखण्याची गोळी किंवा कोणाची जडीबुटी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही, आणि ताप, रक्तस्राव, धाप किंवा झपाट्याने वाढणारे वजन दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे त्यांच्याकडून मी दोनदा म्हणवून घेतले.

मुलीला सांगावे की नाही, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. शेवटी त्यांनी सांगितले. आता मुलगीच रोज रात्री ताटाशेजारी गोळी ठेवते.

तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलचे प्रमाण पुन्हा उतरले. अपेक्षित पातळी अजून गाठायची आहे. डोळे काही सकाळी अजूनही सुजतात. वावरात कोणी विचारले, तर "दवाईनं सुजते" एवढेच सांगून त्या वेचणीला लागतात.